खुनी कोण ते राहू द्या, साबण कुठला?

गाजर ही वस्तू महाराष्ट्रात 1985 सालापर्यंत कोशिंबिरीत, हलव्यात आणि टांग्याच्या घोड्याच्या तोंडात, अशा तीनच ठिकाणी दिसत असे. त्या वर्षी दूरदर्शनवर ‘करमचंद’ आला, पंकज कपूर यांनी काळा चष्मा लावून भर तपासात गाजर चावायला सुरुवात केली आणि या कंदमुळाची सामाजिक पत एकदम वाढली. समोर प्रेत, भोवती रडणारे नातेवाईक आणि मधोमध हा गृहस्थ कचाकचा खातोय. आमच्या आजीला हे बिलकुल पटत नसे. “सुतकाच्या घरात तोंड हलवतं का कोणी?” हा तिचा प्रश्न होता आणि खून कोणी केला यापेक्षा तिला तो जास्त महत्त्वाचा वाटे. पण गाजरानं डोळे सुधारतात हे तिचं म्हणणं ज्या नातवंडांनी वर्षानुवर्षं कानाआड केलं होतं, त्यांनीच गाजरानं खुनी सापडतो हे कळल्यावर ताटातली गाजरं मुकाट संपवली. एवढी मोठी जाहिरात आणि तिला प्रायोजक नाही, असा प्रकार पुन्हा घडलेला नाही.

करमचंदची मदतनीस किटी, म्हणजे सुश्मिता मुखर्जी, दर भागात एकदा तरी साहेबांच्या बुद्धीवर भाळून जाई आणि साहेब तिला “शटअप किटी” म्हणून गप्प करत. हे दोन शब्द त्या वर्षी गावोगाव गेले. आमच्या काकांनी तो प्रयोग काकूंवर एकदा करून पाहिला. दुसऱ्यांदा केल्याची नोंद नाही.

गुप्तहेर ही काही मराठी घराला नवी जात नव्हती. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड कधीच माजघरात राहायला आले होते. वाचनालयाच्या त्या पुस्तकांना चहाचे डाग आणि शेवटचं पान गायब, ही दोन लक्षणं ठरलेली. पण पुस्तकातला गुप्तहेर एकट्याचा असतो. दूरदर्शनवरचा सगळ्या मजल्याचा झाला. तीस माणसं एका खोलीत बसून एकाच वेळी संशय घेऊ लागली, आणि संशयासारखी एकोपा वाढवणारी दुसरी गोष्ट नाही. मोलकरीण दिसली की मागून आवाज येई, “हिनंच केलंय.” वारसदार पुतण्या दिसला की, “हा बघा, डोळे बघा त्याचे.” फार रडणारी विधवा, न रडणारी विधवा, चहा घेऊन येणारा नोकर, चहा न पिणारा डॉक्टर, कोणी सुटत नसे. आमच्या काकांची पद्धत शास्त्रीय होती. ते पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांची नावं घेऊन ठेवत आणि शेवटी “मी म्हटलं नव्हतं?” असं विचारत. म्हटलेलं असेच.

तेव्हाच्या गुन्ह्यांत आणखी एक अडचण होती. देशात रंगीत प्रक्षेपण 1982 साली सुरू झालं, पण आमच्या मजल्यावर रंग यायला अंमळ उशीर लागला. तोवर शेजारच्या शटरवाल्या कृष्णधवल टीव्हीपुढे एक प्लास्टिकची काच अडकवलेली असे. वर निळी, मध्ये तांबूस, खाली हिरवी. म्हणजे आकाश, माणूस आणि गवत अशी त्या कारागिराची विश्वाची कल्पना. निसर्गदृश्यापुरती ती बरोबरही होती. पण खुनाच्या मालिकेत प्रेत जमिनीवर पडलेलं असतं. त्यामुळे आम्ही जेवढे मुडदे पाहिले तेवढे सगळे हिरवे होते, आणि उभे राहून जबान्या देणारे लोक कपाळापर्यंत तांबूस व वर निळे. अशात साक्षीदार सांगे की पळून जाणाऱ्या बाईची साडी लाल होती. सगळी खोली एकमेकांकडे बघे. आमच्याकडे सगळ्याच साड्या तांबूस होत्या. तो तपास आम्ही निव्वळ ऐकीव माहितीवर केला.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. ही एवढी संशयखोर, चाणाक्ष, कोणावर विश्वास न ठेवणारी मंडळी जाहिरात लागली की तत्क्षणी कोकरं होत. पुतण्याच्या सहीवर शंका घेणारे काका दंतमंजनावर घेत नसत. विधवेचे अश्रू खोटे आहेत हे काकूंनी तिसऱ्या सेकंदाला ओळखलं, पण साबणाच्या फेसाबद्दल त्यांच्या मनात किंतु नव्हता.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 रोजी आणि दूरदर्शनवर जाहिराती आल्या 1 जानेवारी 1976 पासून. मधली सव्वातीन वर्षं मराठी माणूस कुठली साबणवडी आणि कुठली टूथपेस्ट वापरावी हे स्वतःच्या अकलेनं ठरवत होता, याचं आज आश्चर्य वाटतं. पुढे प्रायोजित मालिकांचे दिवस आले तेव्हा जाहिराती बहुतेक मालिकेच्या आगेमागे, एका गठ्ठ्यानं लागत. त्या सुरू झाल्या की नाटकाच्या तिसऱ्या घंटेसारखी धावपळ होई. कोणी गॅस बंद करी, कोणी पोरांना पुढे बसवी, आणि “चला, निरमा लागली” अशी हाक जिन्यापर्यंत जाई. जाहिरात लागल्यावर उठून जायचं असतं ही रीत तेव्हा रुजलेली नव्हती. लोक जाहिरातीला वेळेवर येत आणि श्रेयनामावली लागली की उठत.

त्या गठ्ठ्यात सगळ्यात करडी बाई म्हणजे सर्फची ललिताजी. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांच्या निरमानं स्वस्ताईच्या जोरावर सर्फचा बाजार खाल्ला होता, तेव्हा लिंटासच्या अॅलिक पदमसींनी हे पात्र उभं केलं. पडद्याबाहेरचा एक पुरुषी आवाज तिला प्रश्न विचारतो. ती भाजी पारखता पारखता उत्तरं देते आणि महाग वस्तू घेणंच कसं शहाणपणाचं हे त्या भाईसाहेबांना पटवते. ही उलटतपासणी आहे. एवढी ठाम साक्षीदार करमचंदला एकदाही मिळाली नाही. आणि गंमत अशी की ललिताजी झालेल्या कविता चौधरी पुढे खरोखरच पोलिसांत गेल्या. म्हणजे 1989 साली ‘उडान’ ही मालिका त्यांनी लिहिली, दिग्दर्शित केली आणि तीत कल्याणी सिंह या आयपीएस अधिकाऱ्याची भूमिकाही केली. कथा त्यांच्या सख्ख्या बहिणीवर, कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्यावर बेतलेली होती. या कांचनताई 2004 मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशातल्या त्या पदावरच्या पहिल्या महिला. आमच्या काकूंना यात नवल वाटलं नाही. “भाजीवाल्याला जी सोडत नाही, ती दरोडेखोरांना काय सोडणार?” हा त्यांचा अभिप्राय मला अजून बिनतोड वाटतो.

तरी एक गोष्ट तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही. मालिकेत गुप्तहेर शर्टावरचा रक्ताचा डाग भिंगातून शोधतोय, आणि मालिका संपल्याबरोबर एक प्रसन्न बाई येऊन सांगतेय की कसलाही डाग या पावडरीनं समूळ जातो. पुरावा नाहीसा करणं हा भारतीय दंड संहितेच्या कलम 201 खाली गुन्हा होता. इथे तो कसा करावा याचं प्रात्यक्षिक दाखवलं जाई, तेही भावासकट.

हेतूचंही तसंच. खुनामागचा हेतू शोधायला करमचंदला निम्मा भाग खर्ची घालावा लागे. ओनिडा टीव्हीवाल्यांनी तो घोषवाक्यातच लिहून टाकला होता: शेजाऱ्याचा मत्सर. शिंगं, शेपटी आणि हिरवट अंगाचा तो सैतान पडद्यावर येई आणि आपल्या घरातला टीव्ही बघून शेजारी कसा जळेल, याचा आनंद मानायला शिकवी. आमच्या मजल्यावर मात्र ही जाहिरात फसली. टीव्ही एकच होता आणि मत्सर करणारे शेजारी त्याच्यासमोरच मांडी घालून बसलेले होते, यजमानाच्या शेंगदाण्यांसह.

त्या काळातला एक तपास तर कुठल्याही मालिकेपेक्षा लांबला आणि त्याचा निकालही लागला. तो आपल्या पेंढरकरांच्या विकोचा. हळदीच्या त्या क्रीमच्या गाण्यातच सांगितलेलं असे की हे सौंदर्यप्रसाधन नव्हे. आपण ते लग्नाच्या सनईसोबत गुणगुणत सोडून दिलं. अबकारी खात्यानं सोडलं नाही. क्रीम म्हणजे सौंदर्यप्रसाधन, त्याचा कर जास्त. आयुर्वेदिक औषध, तर कमी. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि औषध हेच खरं ठरलं. जाहिरातीच्या गाण्यातल्या ओळीचा असा न्यायालयीन छडा लागल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. वरचा सगळा खटला हळद लावलेल्या नवरीच्या चेहऱ्यावरून चालला, हे लक्षात घ्या.

लिज्जत पापडाच्या सशाबद्दल दोन शब्द. 1959 साली गिरगावातल्या सात बायकांनी सुरू केलेल्या पापडांची जाहिरात एका हसऱ्या सशानं करावी, आणि तो ससा शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवलेला असावा, यात मराठी माणसानं अभिमान बाळगण्यासारखं बरंच आहे. पण तो ससा ज्या प्रकारे हसे, त्यामुळे आमच्यातल्या धाकट्या पोरांना रात्री खुन्याची भीती वाटत नसे, त्याची वाटे.

आता मराठीतल्या गुन्ह्यांकडे येऊ. पोलिसांच्या शंभर नंबरावरून नाव घेतलेली ‘एक शून्य शून्य’ ही मालिका बी. पी. सिंह यांनी केली. हे मूळचे दूरदर्शनचे कॅमेरामन. मालिकेचा एकूण उपदेश असा की काही संशयास्पद दिसलं तर ताबडतोब शंभर नंबर फिरवा. उपदेश योग्य होता. फिरवायला फोन हवा, एवढीच अट. टेलिफोनसाठी नाव नोंदवलं की मूल शाळेत जाईपर्यंत वाट पाहायची असे ते दिवस. आमच्या भागात फोन होता तो वाण्याकडे, आणि त्याच्या तबकडीला चिमुकलं कुलूप. म्हणजे खुनाची खबर द्यायची तर आधी किल्लीचा तपास, मग वाण्याची समजूत, मग पैसे कोण देणार यावर चर्चा. तोवर खुनी जेवून झोपला असता.

‘हॅलो इन्स्पेक्टर’मधले रमेश भाटकर हा त्या काळातला आमचा सगळ्यात देखणा कायदा. संगीतकार स्नेहल भाटकरांचे हे चिरंजीव. त्यांची मिशी, ती भारदस्त चाल आणि तो आवाज पाहून कॉलनीतल्या काही मुलांनी पोलीस व्हायचं ठरवलं आणि काही मुलींनी पोलिसाशी लग्न करायचं ठरवलं. खऱ्या पोलीस चौकीत पासपोर्टच्या कामासाठी गेल्यावर दोन्ही गटांचा विचार बदलला. पुढे झी टीव्हीवर ‘कमांडर’मध्येही ते दिसले, पण तोवर मुली मोठ्या झाल्या होत्या.

1993 मध्ये बासू चटर्जींनी ‘ब्योमकेश बक्षी’ आणला आणि गुप्तहेर पहिल्यांदाच घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पसंतीस उतरला. रजित कपूर धोतर नेसून, आवाज न चढवता, पिस्तुल न रोखता, मित्र अजितशी, म्हणजे के. के. रैनांशी, बोलता बोलता खुनापर्यंत पोचत. ब्योमकेशला स्वतःला गुप्तहेर म्हटलेलं आवडत नसे, तो सत्यान्वेषी. कलकत्त्याच्या गल्ल्या, पंख्याची घरघर, आणि कोणालाही कसलीही घाई नाही. आमच्या मावशीनं त्याच्याकडे सरळ स्थळ म्हणून पाहिलं. मुलगा शांत, हुशार, नातेवाइकांचा त्रास नाही. सिगारेट ओढतो तेवढं एक. पत्नी सत्यवतीच्या भूमिकेत आपल्या सुकन्या कुलकर्णी आहेत हे कळल्यावर तर तिनं हे लग्न जमवल्याचं श्रेयच घेतलं. करमचंदला कोणी मुलगी दिली नसती. सारखं गाजर खाणाऱ्याला कोण देणार?

पाठोपाठ ‘तहकीकात’. तीत विजय आनंद सॅम डिसिल्वा झाले, सोबत सौरभ शुक्ला गोपीचंद. ज्या माणसानं ‘तीसरी मंजिल’ आणि ‘ज्वेल थीफ’ दिग्दर्शित करून सबंध देशाला खरा गुन्हेगार कोण या प्रश्नावर तीन तीन तास बसवून ठेवलं, त्यालाच आता दर आठवड्याला गुन्हेगार पकडायला लावलं होतं. ही शिक्षा होती की बढती, ते ठरवणं कठीण आहे.

आणि मग 1998 साली ‘सीआयडी’. पुन्हा बी. पी. सिंह, आणि प्रद्युमन म्हणून आपले शिवाजी साटम, जे एकेकाळी सेंट्रल बँकेत रोखपाल होते. नोटा मोजणारी बोटं हवेत फिरू लागली की गडबड आहे हे ओळखायचं. सुरुवातीच्या तपासपथकात आशुतोष गोवारीकरही होते; ते वेळीच निघून ‘लगान’ करायला गेले, म्हणून तो सिनेमा झाला. नाहीतर आजही एखाद्या फार्महाऊसवर फरशीवरच्या खुणा तपासत असते. दया झालेले दयानंद शेट्टी हे मूळचे थाळीफेकपटू, त्यामुळे दारांची धडगत नव्हती. वर डॉ. साळुंखे. परीक्षानळीतलं पाणी निळ्याचं लाल झालं की ते खुन्याची उंची, व्यवसाय आणि डावा हात सांगत. कालिन्याच्या खऱ्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या मंडळींना घरी यावरून काय काय ऐकावं लागलं असेल, याची मला काळजी वाटते.

मात्र ‘सीआयडी’ खाजगी वाहिनीवर होती, आणि इथे जाहिरातींचा स्वभाव बदलला. दूरदर्शनच्या जमान्यात त्या दाराबाहेर चपला काढून उभ्या असत. आता त्या ऐन क्षणी घुसू लागल्या. मुखवटा निघणार, प्रद्युमन थप्पड मारणार, नळीतलं पाणी लाल होणार, की मध्ये शॅम्पू. दार तोडून आत शिरण्याची कला दयाच्या आधी जाहिरातदारांनी साधली होती. तेव्हापासून आपण जाहिरातीत चहा टाकायला शिकलो. त्याआधी चहा अगोदरच टाकून ठेवलेला असे, तो जाहिराती बघायच्या म्हणून.

हल्ली आमच्या वयाची माणसं रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर जुन्या जाहिरातींची संकलनं लावून बसतात. वीस मिनिटं नुसत्या जाहिराती. डोळे पाणावलेले, ओठ हलतायत, बाजूला बायको विचारतेय की रडायला काय झालं. पण ते संकलन सुरू व्हायच्या आधी आजच्या काळातली एक जाहिरात लागते. हाच भावुक माणूस पाच सेकंद मोजत, अंगठा बटणावर टेकवून, त्या जाहिरातीला आणि तिच्या करणाऱ्यांच्या सात पिढ्यांना शिव्या घालतो आणि ती टाळून पुढे जातो. कुठे? तर दुसऱ्या जाहिरातीकडे. चाळीस वर्षांनी आताच्या त्या जाहिरातीचंही संकलन निघेल आणि तिच्यावरही कोणीतरी रडेल. आपण आज तिला दिलेल्या शिव्या पुढच्या पिढीला कळू नयेत म्हणजे झालं.

मागे एका लग्नात, पंगतीला उशीर होता म्हणून, मी आमच्या पिढीच्या नातेवाइकांना एक प्रश्न विचारला. करमचंदनं पकडलेल्या कुठल्याही एका खुन्याचं नाव सांगा. एकही आलं नाही. ब्योमकेशचं एक आलं, तेही पुस्तक वाचलेल्या आत्येभावाकडून. ‘हॅलो इन्स्पेक्टर’चे सगळे गुन्हेगार निर्दोष सुटले. मग विचारलं, निरमाच्या गाण्यातल्या बायकांची नावं? मांडवाच्या चारही कोपऱ्यांतून एका सुरात आली, आणि आचारीही त्यात सामील होता. कारण सरळ आहे. खुन्याला आयुष्यात एकच भाग मिळे, अर्धा तास. आणि त्यातही तो आपण खुनी नाही हेच दाखवत असे. साबण रोज येई आणि मी साबण आहे म्हणून गात येई. शिवाय त्या तीस सेकंदांवर देशातली हुशार माणसं महिना महिना डोकं खपवत. मालिकेतल्या खुन्याच्या वाट्याला एक भाड्याचा बंगला आणि एक फुलदाणी, एवढाच खर्च येई. खुनी विसरला जाणं हा त्याच्यावर अन्यायच आहे, पण तो साबणवाल्यानं केलेला नाही.

त्या मालिका आता पुन्हा पाहिल्या की चांगल्या वाटतात का? काही वाटतात. ‘ब्योमकेश’ तर अजून कोणालाही दाखवावा असा आहे. बाकीच्यांत दार उघडून माणूस खुर्चीपर्यंत पोचेस्तोवर आपल्याला खुनी कळतो. तरीही मराठीतल्या जुन्या गुन्हेमालिका धड सलग पाहायला मिळत नाहीत याची मला चुटपुट आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी त्या काळात व्हीसीआर होता आणि ज्यांच्या वडिलांना टीव्हीवरून मालिका टेप करायचा नाद होता, त्यांनी माळ्यावरचा तो कॅसेटींचा खोका भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडावा. चुंबकीय फितीला दमट हवेत बुरशी धरते, तेव्हा पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबू नये; शहरात अजूनही काही दुकानदार कॅसेट संगणकावर उतरवून देतात. ‘एक शून्य शून्य’ किंवा ‘हॅलो इन्स्पेक्टर’ सापडलं तर जपून ठेवा. आणि उतरवताना दुकानदार विचारेल, मधल्या जाहिराती कापू का? त्याला नाही म्हणा.